सांगड : तळ्यावरील कामाच्या तराफ्याचा इतिहास

भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा समुद्राकडे लागलेली असते. राधाकुमुद मुखर्जी यांचा या विषयावरील ग्रंथ १९१२ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या इतिहासाची साधने जवळजवळ ठरून गेली आहेत. भोजाच्या नावावर असलेला 'युक्तिकल्पतरू', श्रीयज्ञ सातकर्णीच्या नाण्यांवरील दोन डोलकाठ्यांचे जहाज, अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील तीन डोलकाठ्यांचे जहाज, बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवरचा आरमारी संग्राम, ही सामग्री आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. तिचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु या देशातील फार मोठ्या लोकसमूहाचा पाण्याशी आलेला संबंध समुद्राचा नव्हता, तळ्याचा होता. तळ्यातील गाळ, शेवाळ, शिंगाडा, मासे, बुडालेली मोरी आणि खचलेली पायरी यांचे काम करण्यासाठी पाण्यावर उभे राहण्याची काहीतरी सोय करावीच लागे. ती सोय लोक स्वतःच्या हाताने, घरात व शिवारात मिळेल त्या साहित्यातून करीत आले. या वस्तूचा इतिहास लिहिण्याजोगा आहे काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

प्रथम एक खुलासा अवश्य आहे. येथे ज्या वस्तूचा विचार करावयाचा आहे तिला नाव किंवा होडी म्हणता येत नाही. होडीचे प्रयोजन एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाणे हे आहे, तर या तराफ्याचे प्रयोजन पाण्याच्या मध्यभागी एका जागी स्थिर राहणे हे आहे. जेम्स हॉर्नेल हे मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे संचालक होते. भारतीय नौकांच्या आकारांवर त्यांनी १९२० साली दीर्घ निबंध लिहिला व पुढे १९४६ साली जलवाहतुकीच्या उगमाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. मडक्यांचे व भोपळ्यांचे तराफे त्यांनी जितक्या आस्थेने पाहिले तितके त्यांच्या पूर्वी क्वचितच कोणी पाहिले असतील. तथापि त्यांच्या ग्रंथाची मांडणीच उगमाची व आरंभीच्या विकासाची असल्यामुळे तरंगता ओंडका, मग तराफा, मग कोरीव डोंगा आणि अखेरीस फळ्यांची नौका अशी एक शिडी वाचकाच्या मनात उभी राहते, आणि तराफा हा तिच्या खालच्या पायरीवर जाऊन बसतो. आमच्या मते तळ्यावरचा तराफा ही अपुरी राहिलेली नौका नव्हे. त्याची जात निराळी आहे. शेतातील माळा जसा घराचा आरंभीचा अवतार नसतो तसेच हे आहे.

वाङ्मयीन पुराव्याकडे वळताना पाणिनीपासून आरंभ करणे सोयीचे होईल. अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायाच्या चौथ्या पादात 'तरून जातो' या अर्थाने होणाऱ्या तद्धित प्रत्ययांचा विचार आहे. गाईचे शेपूट धरून तरणाऱ्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र केले आहे. त्यापुढील सूत्रात 'नौ' या शब्दाची आणि दोन स्वरांच्या शब्दांची व्यवस्था लावली आहे. त्यावर सातव्या शतकातील काशिकावृत्तीने नाविक, घटिक, प्लविक व बाहुक अशी उदाहरणे दिली आहेत. घटिक म्हणजे घड्याच्या आधाराने तरणारा आणि बाहुक म्हणजे केवळ हातांनी पोहणारा. नावेने जाणारा व घड्याने जाणारा हे दोघे वृत्तिकाराने एका ओळीत बसविले आहेत. त्याला त्यांत उच्चनीच भाव वाटलेला नाही.

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणात सैन्याच्या कूचाचा विचार आहे. तेथे जलाशय ओलांडण्याच्या साधनांची यादी येते. हत्ती, सेतू व नौका यांच्याबरोबर तीत लाकडांचे व वेळूंचे संघात, भोपळे, चामड्याने मढविलेल्या टोपल्या, पखाली व प्लव यांचीही गणना केली आहे. यातील चामडी टोपलीची परंपरा दक्षिणेत दीर्घकाळ टिकली. विजयनगरास १५२० च्या सुमारास आलेल्या दोमिंगो पायश या पोर्तुगीज प्रवाशाने वेताच्या सांगाड्यावर कातडे चढविलेल्या गोल नावा पाहिल्या होत्या. १८०३ च्या युद्धात आर्थर वेलस्ली याने दक्षिणेतील नद्या उतरण्यासाठी अशाच टोपल्या बांधवून घेतल्या. परंतु ज्याने अशा टोपलीत बसून एका बाजूला वाकण्याचा प्रयत्न केला असेल त्याला हे ठाऊक असते की ती गिरकी घेते. ती वाहनासाठी उत्तम आहे. कामासाठी मात्र फारशी उपयोगी नाही. साहित्य एकच असले तरी प्रयोजन बदलताच रचना बदलावी लागते, हे यावरून ध्यानात येईल.

मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात तराफ्याचा प्रसिद्ध दृष्टांत आहे. वाटसरू गवत, काटक्या, फांद्या व पाने गोळा करून स्वतःच तराफा बांधतो, हातापायांनी पाणी मारीत पैलतीरी जातो आणि तराफा तेथेच टाकून देतो. डोक्यावर घेऊन हिंडत नाही. दृष्टांताचा धर्मपर अर्थ येथे बाजूस ठेवू. इतिहासकाराच्या दृष्टीने त्यात दोन गोष्टी आहेत. तराफा बांधणे हे कारागिराचे नव्हे तर कोणाही माणसाचे काम समजले जात असे, आणि काम संपताच तो मोडून टाकावयाचा असे. उत्खननात तराफे का सापडत नाहीत याचे उत्तर या दुसऱ्या गोष्टीत आहे. बांबू पुन्हा गोठ्याच्या कुडाला लागतो, दोर विहिरीवर जातो, मडके फुटले तर त्याची खापरे इतर खापरांत मिसळतात. त्या खापरावरून ते पाणी भरण्याचे होते की पाण्यावर तरंगण्याचे, हे कोणताही पुरातत्त्वज्ञ सांगू शकणार नाही.

वर उल्लेखिलेल्या पुराव्यात एक उणीव आहे, ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. हा सर्व पुरावा तरून जाण्याचा आहे, थांबून काम करण्याचा नाही. याचे कारण असे दिसते की ग्रंथकार स्वतः नदी ओलांडतो; तो शिंगाडे तोडीत नाही. सेनापती, भिक्षू व प्रवासी यांना पाणी हा वाटेतील अडथळा होता. ज्यांना पाणी हेच शेत होते त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. म्हणून या विषयात ग्रंथांपेक्षा शब्दांचा आधार अधिक घ्यावा लागतो, आणि सुदैवाने मराठीजवळ एक मोलाचा शब्द शिल्लक आहे. तो शब्द म्हणजे 'सांगड'.

आज 'सांगड घालणे' हा प्रयोग आपण दोन विचारांचा मेळ बसविण्याच्या अर्थाने करतो. मोल्सवर्थच्या कोशात मात्र या शब्दाचा मूर्त अर्थ नोंदलेला आहे : दोन होड्या, दोन भोपळे किंवा तशाच दोन वस्तू एकत्र जोडून केलेले तरण्याचे साधन. शब्दाचे मूळ संस्कृत 'संघाट' हे होय. पालीत 'संघाट' हा शब्द तराफ्याच्या अर्थाने येतो व जातककथांत 'नावासंघाट' असाही प्रयोग आढळतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथाच्या साठाव्या परिच्छेदात पूर्व किनाऱ्यावरील बंदरांत 'संगारा' नावाची मोठी तारवे असल्याचे सांगितले आहे. एकेका ओंडक्याच्या नावा एकत्र बांधून ती केलेली असत. हा ग्रीक शब्द व आपला 'सांगड' यांचे नाते सर्वमान्य नसले तरी १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशापासून ते वारंवार सुचविले गेले आहे. मलयाळममधील 'चङ्ङाडम्' हा शब्द याच कुळातला आहे. त्यावरून पोर्तुगीजांनी 'जंगाडा' हा शब्द उचलला, आणि तो पोर्तुगीज भाषेबरोबर ब्राझीलच्या कोळ्यांपर्यंत जाऊन पोचला. बार्देशातील आसगाव येथे १८५५ साली जन्मलेले मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गादु यांनी आपल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दसंग्रहात या शब्दाला स्थान दिले आहे. (येथे सहज आठवण होते ती जलपर्णीची. आपला शब्द ब्राझीलला गेला आणि दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये येऊन पुढे देशभर पसरली. ती काढण्यासाठी आज पुन्हा सांगडच लागते.)

मराठीतील जुना पुरावा ज्ञानेश्वरीचा आहे. सातव्या अध्यायातील मायानदीच्या रूपकात 'सांगडी' व 'तरांडे' हे दोन्ही शब्द येतात. काही जण तीन वेदांच्या सांगडी घेऊन या नदीत उतरले, पण त्यांनी अहंभावाचे धोंडेही बरोबर घेतले आणि ते मदरूपी माशाच्या तोंडी गेले, असा तेथील आशय आहे. भाष्यकारांनी या ओवीतील वेदान्ताचा परामर्श पुष्कळ घेतला आहे. तिच्यातील जलविद्येकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. सांगडीला ठराविक भारच पेलतो आणि त्यापलीकडे धोंडा घेतला की ती बुडते, हे श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही असे कवीने गृहीत धरले आहे. शके १२१२ च्या सुमारास गोदावरीकाठच्या श्रोत्यांना ही वस्तू किती ओळखीची होती हे त्यावरून कळते.

सांगड ही तरण्याच्या साधनापासून कामाच्या बैठकीपर्यंत कशी पोचते हे पाहावयाचे झाल्यास गोव्याकडे जावे. तेथे कोकणीत 'सांगोड' म्हणतात. दोन होड्या एकमेकींपासून काही अंतरावर ठेवून आडव्या वाशांनी जोडावयाच्या व वर फळ्यांचा मंच घालावयाचा, अशी तिची रचना असते. २९ जून रोजी संत पीटर यांच्या सणाला बार्देशात कांदोळी भागातील ख्रिस्ती कोळी अशा सांगोडीवर गाणी व नाटुकली सादर करतात. कुंभारजुवे येथे गणेशविसर्जनाच्या प्रसंगी होणारा सांगोडोत्सव त्याच रचनेवर उभा असतो. एकच मंच दोन धर्मांच्या सणांत वापरला जातो, याचे कारण तो दोन्ही सणांपूर्वीचा आहे व मुळात रोजच्या कामाचा आहे, असे अनुमान करण्यास हरकत नसावी. नाट्यप्रयोगाला जे लागते तेच कामालाही लागते : माणसे एका कडेला आली तरी जमीन कलू नये.

आता तळ्याकडे येऊ. महाराष्ट्रात तळ्यांची खरी संस्कृती पूर्व विदर्भात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आहे. नवेगाव बांधासारखी मोठी तळी व गावोगावची लहान तळी बांधण्याचे श्रेय कोहळी समाजाला दिले जाते. तळे बांधणारा कोहळी आणि तळ्यात काम करणारा ढिवर, असे हे दुहेरी ज्ञान आहे. पहिल्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, दुसऱ्याविषयी फार थोडे. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींच्या चार खंडांत ढीमरांच्या पोटभेदांची नोंद आहे. हे पोटभेद कामावरून पडलेले दिसतात. शिंगाडा लावणारे, झिंगे पकडणारे, दोर वळणारे बंधैया असे निरनिराळे वर्ग त्यांत आहेत. दोर वळणारे व पाण्यात काम करणारे एकाच जातीत असावेत हे तराफ्याच्या अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहणार नाही, कारण तराफा म्हणजे निम्मा दोरच असतो.

शिंगाड्याचे काम कसे चालते हे ध्यानात घेतल्यावाचून तराफ्याची रचना समजणार नाही. वेल पाण्यावर पानांचा झुपका पसरून तरंगतो व फळ त्या झुपक्याखाली पाण्यात लागते. तोडणाऱ्याला झुपका उचलावा लागतो, खालची तयार फळे काढावी लागतात आणि झुपका पुन्हा जसाच्या तसा ठेवावा लागतो. पावसाळा सरता सरता सुरू झालेली ही तोडणी हिवाळ्यापर्यंत पुन्हा पुन्हा करावी लागते. माणूस दिवसभर तराफ्याच्या कडेवर वाकलेला असतो व त्याचा भार सतत एका बाजूला असतो. कोरलेल्या एकेरी डोंग्यात हे काम करणे जिकिरीचे आहे.

या अडचणीवर दोन उपाय परंपरेत आढळतात. एक म्हणजे दोन डोंग्यांची सांगड. दुसरा उत्तर भारतात 'घडनई' या नावाने ओळखला जातो : बांबूंची चौकट करून तिच्याखाली मडकी बांधावयाची. मडके उपडे बांधले तर आतली हवा कोंडली जाते व तीच भार पेलते. परंतु बुडाला केसाएवढी चीर गेली तरी हवा निसटते. उताणे बांधले तर चिरेची भीती कमी, पण लाटेचे पाणी तोंडातून आत येते. सुमारे ३० लिटर मापाचे मडके पूर्ण बुडाले तर ३० किलोग्रॅम भार उचलते, म्हणजे बारा मडक्यांची घडनई ३६० किलोग्रॅमपर्यंत पेलू शकेल. मात्र व्यवहारात त्याच्या निम्म्यावरच थांबावे लागते.

हे निम्म्याचे प्रमाण प्रस्तुत लेखकाला पुस्तकातून नव्हे, तर फजितीतून कळले. भंडारा जिल्ह्यातील आमच्या शेतातील तळ्यात पंपाच्या नळीभोवती शेवाळ व बेशरमाची मुळे दाटली होती. ती काढण्यासाठी घरच्या घरी तराफा करावयाचे ठरविले. प्रत्येकी २०० लिटरची प्लास्टिकची चार पिंपे, बांबू व जुन्या फळ्या एवढे साहित्य होते. हिशेब सोपा वाटला : चार पिंपांनी ८०० किलोग्रॅम पेलावे, तराफ्याचे वजन दीडशेच्या आसपास, म्हणजे दोन माणसे व गाळाची घमेली सहज मावावीत. चारही पिंपे मधोमध एकमेकांना चिकटवून बांधली, म्हणजे मजबुती येईल असे वाटले, आणि फळ्या दोन्ही अंगांनी बाहेर काढल्या. तराफा तरंगला, पण पहिल्याच घमेल्याला कडेवर वाकताच उलटला. फावडे तळाशी गेले ते गेलेच. काठावर उभ्या असलेल्या एका वृद्ध ढिवराने एवढेच म्हटले, "पान्यावर बसाचं असन त पाय फाकवून बसा लागते, बाबू."

दुसऱ्या दिवशी दोन-दोन पिंपांच्या दोन रांगा केल्या व त्यांच्यात सहा फुटांचे अंतर ठेवले. साहित्य तेच, वजन तेच. पण आता दोन माणसे एकाच कडेला बसली तरी तराफा केवळ थोडा झुकत असे. याचे गणित फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बुगेर याने १७४६ साली नौकाविषयक ग्रंथात मांडले. 'मेटासेंटर' ही संज्ञा त्याचीच. तरंगत्या आधारांची दोन अंगे जितकी दूर, तितके सावरण्याचे बळ वाढते, आणि ते अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अंतर दुप्पट केले तर बळ जवळजवळ चौपट होते. आडवे पिंप नेमके अर्धे बुडालेले असताना पाण्याच्या पातळीवर त्याची रुंदी सर्वांत अधिक असते. म्हणून भार निम्म्यावर ठेवावयाचा. सांगडीतील दोन भोपळे एकमेकांना चिकटवून न ठेवता त्यांच्यामध्ये छातीएवढे अंतर का ठेवतात, याचेही उत्तर हेच.

आणखी एक गोष्ट या प्रयोगातच समजली. तराफ्यावर बसून शेवाळ ओढू लागलो की शेवाळ तराफ्याकडे येण्याऐवजी तराफाच शेवाळाकडे जाऊ लागे. एका दोराने दगडाला बांधला तर तो त्या दोराभोवती फिरे. अखेर तराफ्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत बांबूची कडी करून त्यांतून दोन लांब बांबू गाळात रोवले, तेव्हा काम सुरू झाले. वल्हे नव्हे तर रोवलेला खुंट हे या साधनाचे लक्षण आहे. तळ्यावरचा तराफा ही नौका नव्हे, हे आरंभी केलेले विधान या खुंटांनी आम्हास पटवून दिले. खिळ्यांचा अनुभवही नोंदण्यासारखा आहे : खिळ्याने जोडलेले बांबू आठवड्यात चिरले, दोराने बांधलेले टिकले, कारण लाटेबरोबर बांधणीला किंचित हलण्यास वाव राहतो. पिंपाचे बूच पाण्याच्या पातळीच्या वर असावे लागते. दुपारी तापून फुगलेली हवा रात्री आकसते आणि बूच पाण्याखाली असेल तर पिंप पाणी ओढून घेते.

मडक्याची व भोपळ्याची जागा पिंपाने घेतली हा बदल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातला. आधी पत्र्याची पिंपे आली, नंतर प्लास्टिकची. त्यांच्या जोडीला थर्मोकोलचे ठोकळे आले. शहरांतील तळ्यांवर गणेशविसर्जनासाठी पिंपांचे तराफे बांधतात. दक्षिणेतील देवळांच्या तेप्पोत्सवातही हेच घडले आहे. मदुरेजवळ तिरुमल नायकाने सतराव्या शतकात बांधलेल्या तेप्पकुळम् या तलावावर देवाची तरंगती सवारी निघते. 'तेप्पम्' म्हणजे तराफाच. उत्सवासाठी तो दरवर्षी उभारावयाचा व उत्सव संपताच उतरवावयाचा हा क्रम अनेक देवळांनी पाळला आहे. साधन बदलले तरी क्रम राहिला, हे विशेष.

पूर्व विदर्भातील तळ्यांच्या बाबतीत मात्र बदल केवळ साहित्याचा नव्हता. तत्कालीन मध्य प्रदेशातील मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि मालगुजारांची तळी शासनाकडे गेली. पुढे मच्छीमार सहकारी संस्थांना मासेमारीसाठी तळी ठेक्याने मिळू लागली. पाण्याचा हक्क कोणाचा, माशांचा कोणाचा, याची चर्चा कागदोपत्री विपुल आहे. तराफा कोणाचा, हा प्रश्न त्या कागदांत कोणी विचारलेला आमच्या पाहण्यात नाही. बांबू मालगुजाराच्या रानातील, दोर ढिवराच्या हातचा, मडकी कुंभाराची. तोडणीनंतर चौकट मोडली की बांबू कोणाच्या घरी जात? हा प्रश्न क्षुल्लक नाही. ज्याच्या घरी बांबू जाई त्याच्या हाती पुढील हंगामाचे काम सुरू करणे असे. मध्य प्रांतातील जमाबंदीच्या वेळी तयार झालेले वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावोगावच्या रूढींचे नोंदकागद, या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवेत. त्यांत तळ्यासंबंधी जी कलमे असतील त्यांतील शब्द जसेच्या तसे उतरून घ्यावेत. सारांश करू नये, कारण अशा वस्तूंची नावे सारांशातच गळून पडतात.

ज्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष क्षेत्रकार्य करावयाचे असेल त्यांनी शिंगाड्याच्या तोडणीच्या दिवसांत जावे आणि तराफा तरंगताना पाहण्यापेक्षा तो बांधताना व सोडताना पाहावा. दोन आधारांमधील अंतर हाताने मोजतात की काठीने, पहिली गाठ कोणत्या कोपऱ्यावर पडते, कोणती गाठ शेवटी सुटते, प्रत्येक गाठीला नाव आहे काय, हे टिपून घ्यावे. आमच्या तळ्यावरील तराफा गेल्या मार्गशीर्षात आम्ही सोडला. पिंपे पाणी साठविण्यास गेली व बांबू वेलांच्या मांडवाला लागले. वृद्ध ढिवराने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने घातलेल्या गाठी तेवढ्या आम्हास सोडविता आल्या नाहीत; त्या कापाव्या लागल्या.